धुई पडणार का? पहाटे निघण्याआधीचा हिशेब, कृष्णाकाठापासून आग्र्यापर्यंत

डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सातारा-सांगलीचे रस्ते पहाटे रिकामे नसतात. कारखान्यांचा हंगाम भरात असतो, उसाच्या खेपा रात्रभर चालू असतात, दुधाच्या गाड्या साडेचारला निघालेल्या असतात, पुण्याचं विमान गाठणारे तर चारलाच घराबाहेर पडतात. नेमक्या त्याच वेळी कृष्णाकाठी धुई, म्हणजे जमिनीलगतचं धुकं, उतरते. तिच्यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे दोन तास उशिरा निघणं, आणि तो आदल्या संध्याकाळीच करता येतो. पहाटे सामान गाडीत चढलं, पुढच्या गावी फोन झाला, की मग कुणी थांबत नाही. म्हणून अंदाज संध्याकाळीच घ्यायचा. तो कसा घ्यायचा, आणि तरीही धुक्यात सापडलात तर गाडी कशी हाकायची, ते इथे सविस्तर दिलं आहे. द्राक्षं घेऊन दिल्लीकडे जाणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे, कारण तिकडचं धुकं आपल्या धुईपेक्षा वेगळं वागतं.

धुई कशी धरते

रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन दिवसभराची ऊब वर सोडून देते आणि थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड होते. थंड हवेत वाफ कमी मावते. ठरावीक तापमानाखाली गेली की हवेतली वाफ पाण्याच्या बारीक थेंबांत उतरू लागते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. वारा पूर्ण पडलेला असेल तर हे पाणी गवतावर, पत्र्यावर, शाळूच्या पानांवर दहिवर होऊन बसतं आणि हवा तशी स्वच्छ राहते. वाऱ्याची अगदी हलकी झुळूक असेल तर गार हवा थोडी वर ढवळली जाते आणि जमिनीपासून काही मीटर उंचीपर्यंत थेंब तरंगत राहतात. तीच धुई.

म्हणजे चार गोष्टी जुळाव्या लागतात: हवेत ओल, मोकळं आभाळ, मंद वारा आणि लांब रात्र. जानेवारीत रात्र लांब असतेच. उरलेल्या तिन्हींचा तपास संध्याकाळी करायचा.

संध्याकाळी सातचा हिशेब

मोबाइलवर धुक्याचं चित्र दिसतं का, एवढंच पाहून निर्णय घेऊ नका. आपल्याकडची धुई नदीकाठी किलोमीटर-दोन किलोमीटरच्या पट्ट्यात बसते, आणि हवामानाचं गणित करणारी संगणकी प्रारूपं त्याहून खूप मोठ्या चौकोनांची सरासरी काढतात. चित्र चुकतं. त्यामागचे आकडे मात्र कामाचे असतात.

पहिल्यांदा सात वाजताचं तापमान आणि हवेतली आर्द्रता पाहा. दवबिंदू वेगळा दिला असेल तर तोच घ्या. नसेल तर सोपं गणित आहे: शंभरातून आर्द्रता वजा करा, उत्तराला पाचाने भागा, आणि आलेला आकडा तापमानातून वजा करा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असताना हे गणित कामापुरतं बरोबर येतं. तिच्याखाली ते ढोबळ होतं, पण इतक्या कोरड्या हवेत धुईची फारशी चिंताही नसते.

मग उद्या पहाटेचं किमान तापमान पाहा. ते दवबिंदूपेक्षा दोन अंशांनी किंवा त्याहून जास्त खाली जाणार असेल तर पाणी उतरणार, हे धरून चाला. ते दहिवर होणार की धुई, हे वारा ठरवतो. पहाटे दोन ते सहाच्या वाऱ्याचा अंदाज बघा. ताशी दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल तर दव जास्त. तीन ते आठ असेल तर धुईला पोषक. आठ ते पंधरामध्ये धुई विरळ होते किंवा थोडी वर उचलली जाऊन सखल ढगासारखी राहते. पंधराच्या वर असेल तर निश्चिंत निघा. शेवटी ढग पाहा. रात्रभर ढगाळ असेल तर जमिनीची ऊब अडून राहते आणि किमान तापमान फारसं खाली येत नाही.

एक उदाहरण घेऊ. कराडला सात वाजता तापमान २२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के आहे. शंभरातून सत्तर गेले, राहिले तीस. पाचाने भागून सहा. बावीसमधून सहा गेले, दवबिंदू १६. पहाटेचं किमान तापमान १३ सांगितलं आहे, वारा ताशी चार किलोमीटर, आभाळ निरभ्र. अशा वेळी साडेचारला निघायचा बेत रद्द करा. त्याच संध्याकाळी वडूजला २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू ११ येतो. किमान १२ राहणार असेल तर तिथून निघणाऱ्याने मोकळ्या रस्त्याची अपेक्षा ठेवायला हरकत नाही, फक्त नदीपट्ट्यात उतरेपर्यंत.

एक गोष्ट विसरू नका. जाहीर होणारं तापमान जमिनीपासून साधारण चार फुटांवर, सावलीच्या जाळीदार पेटीत मोजलेलं असतं. मोकळ्या रात्री जमिनीलगत त्याहून काही अंश कमी असतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर आणि लिंगमळ्याच्या बाजूला हिमकण जमतात, तेव्हा गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो, याचं कारण हेच. गार हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी वाहत येऊन खळग्यात साठते. तुमचा रस्ता ओढ्यातून, नदीकाठातून जात असेल तर अंदाजातल्या किमान तापमानातून आणखी दोन अंश वजा करून गणित मांडा.

ओलीचा हिशेबही जोडीला ठेवा. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात काही घडलं की डिसेंबरात आपल्याकडे दोन दिवस ढग आणि अवकाळी शिडकावा येतो. पाऊस थांबून आभाळ उघडलं, की पुढच्या दोन-तीन पहाटा सगळ्यात धोक्याच्या. तसंच कालव्याचं आवर्तन चालू असेल, किंवा शेतीपंपांना रात्रीची वीज असेल, तर उसात रात्रभर पाणी फिरत असतं. अशा पट्ट्यात धुई आजूबाजूपेक्षा लवकर धरते आणि उशिरा उठते.

भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहांची रात्रीच्या धुक्याची चित्रं असतात. ती पाहताना दोन चुका होतात. त्यांवरची वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. आणि उपग्रहाच्या अवरक्त चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे चार किलोमीटरचा असतो, त्यामुळे कृष्णेची अरुंद धुई त्यात उमटतच नाही. पंजाबपासून बिहारपर्यंतची चादर मात्र त्यात स्पष्ट दिसते. उत्तरेला निघताना ही चित्रं जरूर पाहा, भिलवडीला जाताना त्यांच्यावर विसंबू नका.

डोळ्यांना आणि कानांना कळणाऱ्या खुणा

आकड्यांना जमिनीवरची साक्ष जोडली की अंदाज पक्का होतो. सगळ्यात बोलकी खूण गुऱ्हाळाच्या धुराची. दिवस मावळताना चुलवाणाच्या धुराड्याकडे बघत थांबा. धूर सरळ वर जाऊन विरून जात असेल तर हवा अजून खेळती आहे. पण तो थोडा वर चढून अडला, तिथून आडवा पसरला, आणि उसाच्या शेंड्यांवर पातळ पांढरी पट्टी होऊन तरंगत राहिला, तर जमिनीलगत गार हवेचा थर बसला आहे आणि त्यावर उबदार हवेचं झाकण आहे. हे झाकण सकाळी ऊन चढेपर्यंत उठत नाही. धूर अडतो तसं धुकंही त्याच झाकणाखाली अडतं. पाचट पेटवलेलं असेल तर धूर आणि धुकं एकत्र होतात, आणि ते मिश्रण नुसत्या धुक्यापेक्षा जास्त आंधळं असतं.

कारखान्याचा भोंगा किंवा रेल्वेचा आवाज एरवी ऐकू येत नाही इतक्या लांबून स्पष्ट येऊ लागला, तर तेही त्याच झाकणाचं लक्षण. आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वळतो.

तिसरी खूण ताटलीची. स्टीलची ताटली रात्री नऊला अंगणात, छपराबाहेर, विटेवर पालथी ठेवा. दहाला बोट फिरवा. ताटली कोरडी असेल तर हवेत अजून जागा आहे. धूसर झाली असेल आणि बोटाची रेघ उमटत असेल, तर दवबिंदू गाठला गेला आहे आणि रात्र अजून आठ तास थंड होणार आहे. ताटलीवर नऊ-दहालाच टपोरे थेंब असतील आणि झाडाचं पानही हलत नसेल, तर हवेतली बरीच ओल दवात खर्च होईल. तेव्हा रात्री रस्ता स्वच्छ दिसतो आणि धुई सूर्योदयाच्या सुमाराला अचानक उठते. यात बरेच जण फसतात. पाचला गच्चीवरून सगळं स्वच्छ दिसलं म्हणून निघतात. सातच्या सुमाराला पहिलं ऊन दवावर पडतं, हवा हलू लागते, आणि अर्ध्या वाटेत समोरचं काही दिसेनासं होतं. धुक्याची सगळ्यात वाईट वेळ मध्यरात्र नसते. ती सूर्योदयाच्या आगेमागे असते, म्हणजे जानेवारीत आपल्याकडे साधारण साडेसहा ते आठ.

कुठे बसते, कुठे नाही

महामार्गावर भुईंज ते कराड दरम्यान धुई सलग नसते, तुकड्यातुकड्यांनी येते. भुईंजजवळ कृष्णा, काशीळजवळ उरमोडी, उंब्रजला तारळी, कराडला कोयना: पूल आला की तिची शक्यता वाढते. पुलाचा चढ मोकळा असतो, पलीकडच्या उतारावर भिंत उभी असते. म्हणून पुलाच्या आधीच वेग उतरवा, धुकं दिसल्यावर नाही.

वाईचं खोरं हा वेगळा प्रकार. तीन बाजूंना डोंगर, मधे कृष्णा आणि धोम धरणाचं पाणी. पाचगणीच्या टेबललँडवरून सकाळी पाहिलं तर वर लख्ख ऊन आणि खाली सगळं खोरं पांढरं भरलेलं दिसतं. पसरणी घाट उतरताना एखाद्या वळणावर गाडी थेट त्या पांढऱ्यात शिरते. वरचं ऊन पाहून खाली मोकळं असेल असं धरणं ही या घाटातली मोठी चूक आहे.

सांगली जिल्ह्यात पलूस, भिलवडी, औदुंबर, आष्टा, हरिपूर, अंकली हा नदीचा आणि उसाचा पट्टा सगळ्यात ओला. पेठ नाक्यावरून आष्ट्यामार्गे सांगलीला येणाऱ्यांनी हा पट्टा सकाळी नऊनंतर धरावा. माण, खटाव, जत, आटपाडी कोरडे. तिकडे अवकाळी पाऊस झाला तरच काळजी. तासगाव भागातल्या बागायतदारांना धुईचा अंदाज वेगळ्या कारणाने लागतो: पान रात्रभर ओलं राहिलं की द्राक्षावर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. त्यांच्या फवारणीच्या गटात धुईची चर्चा सुरू झाली, की वाहनचालकांनीही कान टवकारावेत. तीच हवा, तोच हिशेब.

किती दिसतंय, किती वेगाने जायचं

हवामान खात्याच्या भाषेत १,००० मीटरच्या आत दिसू लागलं की धुकं. ५०० ते १,००० विरळ, २०० ते ५०० मध्यम, ५० ते २०० दाट, आणि ५० मीटरच्या आत अतिदाट. आकडे ठीक, पण स्टेअरिंगवर बसून ते मोजायचे कसे? महामार्गावर किलोमीटरच्या दगडांमधे दर २०० मीटरला छोटे दगड असतात. एका दगडापाशी असताना पुढचा दिसत नसेल तर तुम्ही दाट धुक्यात आहात. गावाकडच्या रस्त्यावर विजेच्या खांबांचा उपयोग करा. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर दोन खांबांमधलं अंतर एकदा दिवसा पावलांनी मोजून ठेवा. मग धुक्यात किती खांब दिसतात एवढंच मोजायचं.

आता थांबायला लागणारं अंतर. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाऊन तो लागेपर्यंत दीड सेकंद धरा. धुक्यात रस्ता ओला असतो, त्यात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरचा चिखल आणि सांडलेला ऊस. बऱ्या टायरच्या कारला ओल्या डांबरावर ताशी २० किलोमीटर वेगाला साधारण १२ मीटर लागतात, ४० ला ३०, ६० ला ५५ आणि ८० ला जवळजवळ ९० मीटर. भरलेल्या ट्रकला याहून बरंच जास्त लागतं, कारण हवेच्या ब्रेकला दाब पोचायलाही वेळ जातो.

दुभाजक असलेल्या रस्त्यावर जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता यायला हवं. दुभाजक नसेल तर त्याच्या निम्म्यात, कारण समोरून येणाराही तुमच्याकडेच येत असतो आणि त्यालाही थांबायला जागा हवी. ६० मीटर दिसतंय आणि रस्ता आष्ट्याचा दुहेरी आहे? तुमच्या वाट्याला ३० मीटर. म्हणजे ताशी ४०, आणि तीही वरची हद्द. ५० मीटरच्या आत दिसत असेल तर प्रवास करण्याजोगी वेळच नाही.

वेगाचा काटा सारखा पाहत राहा. धुक्यात कडेची झाडं, पाट्या पुसट होतात, त्यामुळे गाडी आहे त्यापेक्षा हळू चालल्यासारखी वाटते आणि पाय नकळत दाबला जातो. पुढच्या गाडीच्या तांबड्या दिव्याला धरून चालणाऱ्यांची दुसरी फसगत होते. मंद दिवा लांब वाटतो, प्रत्यक्षात तो जवळ असतो. त्यात पुढच्यावर विसंबून गेलं तर त्याने चूक केली की तुमचीही होते. डोळा डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवा. मधल्या रेषेवर ठेवला तर हात आपोआप तिकडे ओढतो, आणि समोरचाही तेच करत असतो.

दिवे, काचा, हेल्मेट

अप्पर लावू नका. धुक्याचे थेंब उजेड परत डोळ्यांत टाकतात आणि समोर पांढरा पडदा तयार होतो. डिपरवर चालवा. फॉग लॅम्प असतील तर ते लावा. ते खाली बसवलेले असतात आणि उजेड आडवा, रस्त्यालगत टाकतात. बंपरच्या खाली चिखल बसून ते आंधळे झालेले असतात, तेव्हा निघताना फडकं मारा. मागचा टेल लॅम्प चालू आहे का हे खाली उतरून डोळ्यांनी पाहा. काही गाड्यांत दिवसा चालणारे पुढचे छोटे दिवे आपोआप लागतात, पण त्यांच्याबरोबर मागचे लागत नाहीत. चालकाला वाटतं दिवे चालू आहेत, मागच्याला गाडी दिसतच नाही.

चारही इंडिकेटर लावून चालण्याची सवय सोडा. तुम्ही थांबला आहात की चालत आहात हे मागच्याला कळत नाही, आणि वळताना इशारा देण्याचं साधनच हातात राहत नाही. ते थांबल्यावर, किंवा पुढे अचानक सगळं ठप्प झालं तर मागच्यांना सावध करायला लावा.

काच आतून धुरकटली की बाहेरून, हे आधी ठरवा. एकदा वायपर फिरवा. पुसली गेली तर दव बाहेरचं आहे: एसीचा गारवा कमी करा, काच फार थंड झाली आहे. पुसली गेली नाही तर श्वासाची वाफ आतून बसली आहे. एसी चालू करा, हवेचा झोत काचेकडे वळवा, तापमानाचा खटका उबेकडे न्या, आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. एसी हवेतली ओल काढून टाकतो, म्हणून थंडीतही तो लागतो. हाताने पुसलं तर तेलकट फराटे राहतात आणि समोरच्या दिव्यांत ते चमकतात. एसी नसेल तर दोन्ही बाजूच्या काचा दोन बोटं उघड्या ठेवा. त्याने रहदारीचे आवाजही ऐकू येतात, आणि धुक्यात कान उपयोगी पडतो.

दुचाकीवाल्यांनी शक्यतो धुई उठेपर्यंत थांबावं, हे आमचं स्पष्ट मत आहे. निघावंच लागलं तर हेल्मेटच्या काचेला आतून भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या सुती कापडाने चकचकीत पुसा. वाफ धरत नाही. काच एक खाच वर ठेवा. मफलर नाकावरून घेतला की श्वास वर काचेत जातो, तो हनुवटीखाली बांधा. काळी काच चालणार नाही. पाठीवर चमकपट्टी असलेलं जाकीट घाला. काळं स्वेटर धुक्यात दहा-पंधरा मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही.

ऊसवाहतूक करणाऱ्यांसाठी

आपल्या भागातला हिवाळ्यातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे मागून न दिसणारी उसाची ट्रॉली. ट्रॅक्टरला मागे दिवे असतात, पण त्यामागे दोन ट्रॉल्या असतात आणि शेवटच्या ट्रॉलीपर्यंत वायर पोचलेलीच नसते, किंवा ट्रॉली सोडताना पिन ओढली जाऊन तुटलेली असते. फळीला लावलेला रिफ्लेक्टरही कामाचा राहत नाही. ऊस ट्रॉलीबाहेर तीन-चार फूट लोंबतो आणि त्याचं वाडं, म्हणजे शेंड्याचा पाला, रिफ्लेक्टरवर पडदा धरतं. मागच्याला फळी दिसायच्या आधी उसाचं टोक काचेत शिरतं.

उपाय स्वस्त आहेत. दोन इंच रुंद चमकपट्टी मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूंना पिवळी लावा. पट्टी चिकटवण्याआधी पत्रा डिझेलने नव्हे, साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा. तेलकट पत्र्यावर ती आठवड्यात सुटते. मोळ्या भरून दोर आवळल्यावर एक लाल रिफ्लेक्टर किंवा लाल पट्टी मारलेला पत्र्याचा तुकडा उसाच्या अगदी शेवटच्या टोकाला, मध्यावर आणि कारच्या काचेच्या उंचीला बांधा. खेप खाली झाली की सोडून पुढच्या खेपेला परत बांधायचा. बॅटरीवरचा लुकलुकणारा लाल दिवा मिळाला तर आणखी चांगलं. बैलगाडीलाही मागच्या फळीला आणि दोन्ही चाकांना पट्टी लावा. चाक फिरताना पट्टी हलते, आणि हलणारी चमक लांबून लक्ष वेधते.

बिघाड झाला तर ट्रॉली रस्त्यावर ठेवून दगड लावू नका. पंक्चर झालेली ट्रॉली शक्यतो पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत रखडत न्या. एक टायर गेला तरी चालेल.

धुक्यात सापडलात तर

एकदम ब्रेक मारू नका. पाय उचला, वेग हळूहळू उतरू द्या, ब्रेकवर हलके दोन-तीन टेकू द्या म्हणजे मागे लाल दिवा लुकलुकतो. थांबायचं तर पेट्रोल पंप, ढाबा, टोल नाका किंवा फाट्याचा आतला रस्ता. कडेच्या पट्टीवर दिवे लावून थांबलेली गाडी मागच्याला चालती वाटते आणि तो तिच्यामागे येऊन आदळतो. नाइलाजाने कडेलाच थांबावं लागलं तर गाडी डांबराच्या पूर्ण बाहेर घ्या, चारही इंडिकेटर लावा, सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवून रस्त्यापासून लांब, शक्य तर कठड्यापलीकडे उभं करा. त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा, महामार्गावर १०० मीटर, आणि तो ठेवायला जाताना रस्त्याच्या कडेबाहेरून चाला. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, रुग्णवाहिकेला १०८, बाकी सगळ्याला ११२.

दिल्लीकडे निघणाऱ्यांसाठी

गंगा-यमुनेच्या मैदानातलं धुकं वेगळ्या मापाचं असतं. आपली धुई दहापर्यंत उठते. तिकडे पंजाबपासून बिहारपर्यंत एकच चादर पसरते, आणि ती कधी कधी दिवसभर उठत नाही. कारण सपाट जमीन, गव्हाला दिलेलं पाणी, प्रदूषणाचे कण आणि पश्चिमी विक्षोभ. हे विक्षोभ म्हणजे कमी दाबाचे पट्टे; ते भूमध्य समुद्राकडून येतात, पाऊस टाकून पुढे जातात. मागे ओली जमीन, मोकळं आभाळ आणि पडलेला वारा उरतो. म्हणून बातमीत पश्चिमी विक्षोभाचा पाऊस ऐकलात की त्यानंतरच्या दोन-तीन रात्री दाट धुक्याच्या धरा. मागोमाग वायव्येचा जोरदार वारा सुटला तर सुटका. त्याऐवजी वर उंच ढगांची दुसरी फळी आली तर ऊन खाली पोचत नाही आणि धुकं दुपारीही बसून राहतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर याच धुक्याच्या मोजमापाचा मोठा प्रयोग चालवला आहे. हवामान विभागाचा धुक्याचा इशारा तिकडे जिल्हावार, रंगांत येतो. नारिंगी किंवा लाल असेल तर तो मानाच.

तासगाव-मिरजेहून दिल्लीच्या आझादपूर बाजारात द्राक्षं नेणाऱ्या गाड्यांनी मुंबई-आग्रा महामार्गाने इंदूर, ग्वाल्हेर असं वर चढताना ग्वाल्हेर-मुरैना-धौलपूर-आग्रा-मथुरा हा पट्टा दिवसा येईल असं वेळापत्रक उलटं मोजत यावं. ग्वाल्हेर अकराच्या सुमाराला सोडलं तर पलवल-होडल अंधार घट्ट होण्याआधी येतं. ग्वाल्हेरला रात्री एकला पोचत असाल तर तिथेच थांबा. तिथून निघालं तर चंबळच्या आसपास सगळ्यात वाईट तास गाठ पडतात. भाडं ठरवतानाच डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीअखेर एक जास्तीचा मुक्काम लावून घ्या. व्यापाऱ्याशी बोलताना पोचायचा दिवस सांगा, तास सांगू नका; तासाच्या शब्दासाठीच चालक पहाटे गाडी दामटतो. यमुना द्रुतगती मार्गावर एरवी कारला ताशी १०० ची मर्यादा असते, ती हिवाळ्यात ७५ वर आणली जाते. जड वाहनांची त्याहून कमी.

रेल्वेने जाणार असाल तर गोवा एक्स्प्रेस मिरज, सांगली, साताऱ्यावरून निजामुद्दीनला जाते. धुक्यात इंजिनात उपग्रहाच्या आधाराने पुढचा सिग्नल किती लांब आहे हे सांगणारं यंत्र असतं, आणि सिग्नलच्या २७० मीटर आधी रुळावर फटाके लावण्याची जुनी पद्धतही अजून आहे. तरी वेग उतरवावा लागतोच. उत्तरेतून येणारी गाडी उशिरा आली की तोच डबेसंच घेऊन परत निघणारी गाडीही उशिरा निघते. म्हणून साताऱ्यात निरभ्र असलं तरी स्टेशनवर जाण्याआधी १३९ वर किंवा अ‍ॅपवर तुमची गाडी कुठे आहे ते पाहा, आणि तिची जोडगाडी आदल्या दिवशी किती उशिरा पोचली तेही पाहा. दिल्लीत पुढचं विमान किंवा गाडी पकडायची असेल तर मधे किमान आठ तास ठेवा. सकाळी दहाच्या आतलं विमान जानेवारीत घेऊच नका. दिल्लीच्या धावपट्टीवर ५० मीटर दिसत असतानाही उतरण्याची सोय आहे, पण त्यासाठी विमान आणि वैमानिक दोन्ही त्या दर्जाचे लागतात, आणि उड्डाणाला १२५ मीटरच्या आसपास दिसावं लागतं. दुपारी एक ते पाच हा तिकडचा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ.